बारा विभागांच्या पीपीटी एका फाईलीत आणताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही जिल्हा परिषदेच्या सामान्य प्रशासन विभागात आहात. दर महिन्याच्या आढावा बैठकीआधी आरोग्य, शिक्षण, बांधकाम, पाणीपुरवठा, पशुसंवर्धन, महिला व बालविकास अशा बारा विभागांच्या पीपीटी तुमच्याकडे येतात आणि रात्रीत त्यांची एक फाईल करायची असते. स्लाइड कॉपी करून चिकटवल्या की रंग बदलतात, तक्ते खाली उतरतात, दोन विभागांचं मराठी गायब होऊन तिथं इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. एवढं सगळं निस्तरल्यावर फाईल इतकी जड होते की मेलनं जात नाही. सोपा मार्ग आहे का, असं तुम्ही विचारलंय.

मी गेली 16 वर्षं कार्यालयांसाठी आणि महाविद्यालयांसाठी सादरीकरणं करून देते. त्यातलं निम्मं काम अशा जोडकामाचंच असतं. प्रत्यक्ष जोडायला दहा मिनिटं लागतात. त्याआधी फाईली जोडण्याजोग्या करण्यात दीड तास जातो. तो दीड तास वाचवायला गेलं की पुढं रात्र जाते, आणि तुमचं नेमकं तेच होतंय.

आधी रंग का बदलतात ते पाहू, कारण बाकीची निम्मी दुखणी तिथूनच निघतात. आपल्याला स्लाइड म्हणजे वहीचं सुटं पान वाटतं. फाडलं आणि दुसऱ्या वहीत चिकटवलं की झालं. पण स्लाइड सुटी नसते. ती एका लेआउटवर (शीर्षक, मजकूर, फोटो यांच्या जागांची मांडणी) टांगलेली असते, लेआउट मास्टरवर (सगळ्या लेआउटांचा मूळ साचा), आणि मास्टर थीमवर (रंग आणि फाँट यांचा संच). डोळ्यांनी पाहायचं असेल तर एखाद्या पीपीटीएक्स फाईलीची प्रत काढा, नावाच्या शेवटचं पीपीटीएक्स खोडून झिप लिहा आणि ती उघडा. 2007 च्या आवृत्तीपासून ही फाईल म्हणजे एक झिपच आहे. आत स्लाइडचा फोल्डर वेगळा, लेआउटचा वेगळा, मास्टरचा वेगळा, थीमचा वेगळा, फोटोंचा वेगळा. स्लाइडमध्ये बहुतेक वेळा ‘हे शीर्षक आहे’ एवढंच लिहिलेलं असतं. ते निळं की काळं, कुठल्या फाँटमध्ये, किती मोठं, हे वरच्या मंडळींनी ठरवायचं. त्यामुळं स्लाइड दुसऱ्या फाईलीत गेली की तिथल्या मास्टरच्या हुकमात जाते आणि तुम्हाला वाटतं पॉवरपॉइंटनं रंग खाल्ला.

म्हणून चिकटवताना पॉवरपॉइंट एक प्रश्न विचारतं, जो बहुतेकांना दिसतच नाही. कंट्रोल-व्ही केल्यावर खाली एक छोटं चौकोनी चिन्ह उमटतं. त्यात ‘यूज डेस्टिनेशन थीम’ आणि ‘कीप सोर्स फॉरमॅटिंग’ असे दोन पर्याय असतात. तुम्ही काहीच निवडलं नाही तर पहिला लागू होतो, म्हणजे स्लाइड नव्या घराचे कपडे घालते. दुसरा हवा असेल तर कंट्रोल-व्ही, मग नुसतं कंट्रोल, मग के. माउसला हात लावायची गरज नाही.

आता तुम्हाला वाटेल, मग दुसराच घेऊ, जसं आहे तसं येईल. इथंच सगळे फसतात. ‘कीप सोर्स’ म्हटलं की स्लाइडबरोबर तिचा आख्खा मास्टर येतो, त्याच्या लेआउटच्या लटांबरासहित. बारा विभागांच्या फाईली अशा आणल्यात तर तुमच्या फाईलीत बारा मास्टर झाले. व्ह्यू मध्ये जाऊन स्लाइड मास्टर उघडा, ‘1_ऑफिस थीम’, ‘2_ऑफिस थीम’ अशी रांग दिसेल. प्रत्येकाच्या मागे पार्श्वभूमीचं चित्र, प्रत्येकात बोधचिन्ह वेगळ्या कोपऱ्यात. मग साहेबांनी ऐनवेळी ‘सगळ्या स्लाइडवर तारीख टाका’ म्हटलं की ते काम एकदा न होता बारा वेळा होतं.

माझा नियम साधा आहे. एकाच कार्यालयाची पीपीटी असेल तर थीम एकच, म्हणजे पहिला पर्याय. बाहेरचा पाहुणा असेल, एखाद्या कंपनीचा किंवा सल्लागाराचा, तर त्याच्या स्लाइड त्याच्या कपड्यांत राहू द्याव्यात. तुमच्याकडे बाराही विभाग घरचेच आहेत.

पण पहिला पर्याय घेतला की मराठी फुटतं, हीच तर तुमची तक्रार. तिथं जरा थांबायला हवं, कारण इंग्रजीत काम करणाऱ्यांना हे दुखणं माहीतच नसतं आणि त्यांच्या मार्गदर्शनात ते सापडणार नाही.

तुमच्या दहा विभागांनी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक असतो त्या पद्धतीत टाइप केलाय आणि दोघांनी जुन्या फाँटमध्ये. कृतीदेव असेल, श्रीलिपीतला एखादा असेल, नाहीतर सी-डॅक या सरकारी संस्थेच्या आयएसएम सॉफ्टवेअरमधला डीव्हीबी-टीटी सुरेख. या जुन्या फाँटांत फाईलीत मराठी साठवलेलंच नसतं. साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं, आणि फाँट त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. कृतीदेवमध्ये ‘महारा’ लिहिलं तर फाईलीत प्रत्यक्ष ई, जी, के, जे, के ही अक्षरं असतात. ई म्हणजे म, जी म्हणजे ह, के म्हणजे काना, जे म्हणजे र. फाँट काढला की मुखवटा उतरतो आणि खाली ईजीकेजेके उघडं पडतं.

हे कधी होतं, तेही नीट समजून घ्या. त्या विभागाच्या ऑपरेटरनं मजकूर निवडून फाँट हातानं लावला असेल तर थीम बदलूनही तो सहसा टिकतो. पण त्यानं शहाणपणा करून मास्टरलाच कृतीदेव लावून ठेवला असेल तर तुमच्या थीममध्ये येताक्षणी शीर्षकाला कॅलिब्रीसारखा इंग्रजी फाँट लागतो आणि खिचडी होते. म्हणजे ज्यानं काम जास्त शिस्तीत केलं त्याचीच स्लाइड आधी फुटते! आणि बैठकीच्या सभागृहातल्या संगणकावर तो फाँटच नसेल तर दोन्ही प्रकार फुटणार, तुम्ही कुठलाही पर्याय घेतला असला तरी.

त्यामुळं जुन्या फाँटची स्लाइड जोडणीत घ्यायचीच नाही. आधी तिचं युनिकोड करायचं. रूपांतर करणारी साधनं फुकट मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. जुन्या फाँटात पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप केलेली असते आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये वेलांटी व्यंजनानंतर साठवतात आणि रफाराचा र अक्षराच्या आधी. रूपांतर करणाऱ्याला ही उलटापालट करावी लागते आणि तो चुकतो तो तिथंच. ‘कार्यवाही’, ‘निर्मिती’, ‘दुरुस्ती’, ‘वर्गखोल्या’ असे शब्द मी मुद्दाम शोधून वाचते. शिवाय मधे आलेले खरे इंग्रजी शब्दही साधन बिनदिक्कत मराठी करून टाकतं. तक्ता असेल तर एकेक चौकट रूपांतर करत बसू नका. तो एक्सेलमध्ये नेऊन, मजकुराचे स्तंभ तेवढे रूपांतर करून परत आणा, आकड्यांना हात लावू नका.

वेळ नसेलच तर त्या विभागाला त्यांच्याच संगणकावर, म्हणजे जिथं फाँट आहे तिथं, ती स्लाइड चित्र म्हणून साठवायला सांगा. फाईल, सेव्ह अ‍ॅज, प्रकार पीएनजी. चित्र फुटत नाही. मात्र त्यातला आकडा बैठकीच्या सकाळी बदलता येत नाही, आणि आकडे सकाळीच बदलतात हे तुम्हाला मी काय सांगायचं.

युनिकोडवाल्या दहा विभागांतही एक बारीक गोष्ट आहे. थीममध्ये इंग्रजीसाठी एक फाँट असतो आणि देवनागरीसारख्या लिप्यांसाठी वेगळा कप्पा. ऑफिसच्या मूळ थीममध्ये देवनागरीसमोर मंगल लिहिलेलं असतं. मंगलच्या ओळी उंच. कुणी मुक्ता वापरलेला, कुणी निर्मला, कुणी कोकिळा, आणि सगळे मंगलमध्ये आले की मजकूर चौकटीतून खाली ओघळतो. ‘तक्ते खाली उतरतात’ म्हणालात, त्याचं बरंचसं कारण हे आहे. होम मध्ये ‘रिप्लेस’च्या बाणाखाली ‘रिप्लेस फाँट्स’ आहे, त्यानं सगळ्या फाईलीत एकदम एक फाँट करता येतो. सगळ्या संगणकांवर सापडेल असाच निवडा. निर्मला यूआय विंडोज 8 पासून सोबत येतो, माझी पसंती त्याला. फक्त एक सांभाळा: ‘रिप्लेस फाँट्स’ जुन्या फाँटवर कधीही चालवू नका. लगेच ईजीकेजेके.

आता मापं. पॉवरपॉइंट 2013 पासून नवी फाईल रुंद पडद्याची उघडते, 13.33 गुणिले 7.5 इंच. त्याआधीची चौकोनी, 10 गुणिले 7.5. एका फाईलीत सगळ्या स्लाइडचं माप एकच असतं, यात तडजोड नाही. आडव्या स्लाइडांच्या मधे एक उभी घालता येत नाही, हेही त्यातच आलं. तुमच्याकडे किमान तीन विभाग अजून 2010 सालची जुनीच फाईल दर महिन्याला आकडे बदलून पाठवत असणार, पैज लावते. ती चौकोनी स्लाइड रुंद फाईलीत टाकली की रचना बिघडते. म्हणून आधी त्या फाईलीच्या प्रतीत डिझाइन, स्लाइड साइज, वाइडस्क्रीन करून घ्या. उंची तीच राहते, फक्त बाजूंना जागा वाढते, त्यामुळं नुकसान कमी. मोठ्या मापाची स्लाइड लहान करायची वेळ आली तर पॉवरपॉइंट विचारेल, ‘मॅक्सिमाइझ’ की ‘एन्शुअर फिट’. दुसरं घ्या, नाहीतर कडेचे स्तंभ पडद्याबाहेर. आणि गुगल स्लाइड्समधून उतरवलेली फाईल 10 गुणिले 5.63 इंचाची असते. प्रमाण तेच दिसतं म्हणून फसू नका, इंच बघा.

हे झालं की जोडणी. स्लाइड सॉर्टरमध्ये, म्हणजे व्ह्यू मधल्या सगळ्या स्लाइड लहान दिसणाऱ्या दृश्यात जाऊन सगळ्या निवडून कॉपी-पेस्ट करता येतं. मी मात्र, ज्या आवृत्तीत ते आहे तिथं, होम मधल्या ‘न्यू स्लाइड’च्या बाणाखालचं ‘रियूज स्लाइड्स’ वापरते. उजवीकडे एक पट्टी उघडते, तिथं फाईल निवडली की सगळ्या स्लाइड लहान आकारात दिसतात. हवी तिच्यावर टिचकी, की ती येते. मूळ फाईल उघडावीच लागत नाही, त्यामुळं चुकून तिच्यात बदल होण्याचा धोका नाही. मूळ रूप ठेवायची खूणचौकटही तिथंच असते, ती रिकामी आहे ना ते बघायचं. लिब्रेऑफिसमध्ये हेच काम ‘इन्सर्ट स्लाइड फ्रॉम फाईल’ करतं आणि गुगल स्लाइड्समध्ये ‘इम्पोर्ट स्लाइड्स’, तिथंही मूळ थीम ठेवायची खूण आहे. ज्यांना मॅक्रो, म्हणजे पॉवरपॉइंटकडून आपोआप काम करून घेणारे छोटे प्रोग्रॅम, लिहिता येतात त्यांच्यासाठी ‘इन्सर्टफ्रॉमफाईल’ ही आज्ञा आहे, ती चाळीस फाईली मिनिटात आणून देते आणि नेहमी नव्या फाईलीचीच थीम लावते. बारा फाईलींसाठी मी ते उघडत नाही.

प्रत्येक विभाग आला की त्याच्या पहिल्या स्लाइडवर उजवी टिचकी देऊन ‘अ‍ॅड सेक्शन’ करा आणि विभागाचं नाव द्या. बैठकीच्या दिवशी ‘आधी पाणीपुरवठा घ्या, त्यांना मंत्रालयात जायचंय’ असं झालं की सेक्शनचं नाव ओढून वर न्यायचं, आठ स्लाइड एकदम हलतात.

आता काही स्लाइड नव्या थीममध्येही वेड्यावाकड्या दिसतील. स्लाइड निवडून होम मधून योग्य लेआउट द्या आणि शेजारचं ‘रिसेट’ दाबा. शीर्षक जागेवर येतं, रंग येतो, आकार येतो. काहीच हललं नाही तर समजा की शीर्षक शीर्षकाच्या जागेत लिहिलेलंच नाही, टेक्स्ट बॉक्स काढून त्यात लिहिलंय. ओळखायची युक्ती सांगते: व्ह्यू मध्ये आउटलाइन व्ह्यू उघडा. ज्या स्लाइडसमोर मजकूर दिसतो ती शहाणी. जिच्यासमोर कोरं आहे तिथं सगळे टेक्स्ट बॉक्स. अशा स्लाइडला मलमपट्टी करू नका, कोरी स्लाइड घेऊन मजकूर त्यात नव्यानं ठेवा. तीन मिनिटं लागतात, दुरुस्तीला दहा.

आलेखांचं प्रकरण मात्र गंभीर आहे. एक्सेलमधून आलेख कॉपी करून नेहमीसारखा चिकटवला तर पॉवरपॉइंट तो मूळ एक्सेल फाईलीशी जोडून ठेवतं. ती फाईल आरोग्य विभागाच्या कुणाच्या तरी संगणकावर डेस्कटॉपवर पडलेली. तुमच्याकडे चित्र दिसेल, पण आकडा बदलायला गेलात की फाईल सापडत नाही म्हणेल. फाईल मेनूत इन्फो खाली ‘एडिट लिंक्स टू फाईल्स’ आहे, तिथं सगळ्या दोऱ्या दिसतात आणि तोडताही येतात.

उलटा प्रकार त्याहून वाईट. ‘एम्बेड’ करून चिकटवलेल्या आलेखाबरोबर आख्खं एक्सेल वर्कबुक आत येतं, सगळ्या शीटसकट. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयासाठी मी अशीच फाईल जोडली होती. एका विभागाचा चार रकान्यांचा साधा आलेख होता, उद्दिष्ट आणि साध्य. फाईल सगळ्या तालुक्यांना गेली. दुसऱ्या दिवशी एका तालुक्यातून फोन आला, ‘मॅडम, त्या आलेखावर उजवी टिचकी देऊन एडिट डेटा केलं तर मागं लाभार्थ्यांची नावं आणि बँक खाते क्रमांक दिसतायत.’ चार रकान्यांमागे तीन हजार ओळींची शीट होती. मी उघडून पाहिलं नव्हतं, चूक माझी. तेव्हापासून बाहेर जाणाऱ्या फाईलीत प्रत्येक आलेख कापून परत ‘पिक्चर’ म्हणून चिकटवते. आकडे बदलायची प्रत स्वतःकडे वेगळी.

याच माळेतली दुसरी गोष्ट म्हणजे नोट्स. स्लाइड जोडताना तिच्याखालच्या वक्त्याच्या नोट्सही येतात आणि लपवलेल्या स्लाइडही येतात. ‘हा आकडा विचारला तर मागच्या महिन्याचा सांगावा’ अशी नोट मी पाहिलेली आहे. कुठल्या विभागाची ते सांगणार नाही. फाईल, इन्फो, ‘चेक फॉर इश्यूज’, ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’ एकदा चालवा, ते नोट्स, शेरे, माहिती सगळं दाखवतं आणि काढूनही टाकतं. काढलेलं परत येत नाही, म्हणून प्रतीवरच चालवा.

आणि आपोआप पुढं जाणाऱ्या स्लाइड. कुणीतरी कधीतरी प्रदर्शनासाठी केलेल्या फाईलीत प्रत्येक स्लाइड पाच सेकंदांनी बदलायची सोय केलेली असते. ती स्लाइड तुमच्याकडे येताना वेळ घेऊन येते. भर बैठकीत पशुसंवर्धन अधिकारी लसीकरणाचा आकडा सांगत असतात आणि पडद्यावर गोठ्याचे फोटो सुरू होतात. स्लाइड सॉर्टरमध्ये कंट्रोल-ए, वर ट्रान्झिशन्स, उजव्या टोकाला ‘आफ्टर’ची खूण काढा, ‘ऑन माउस क्लिक’ ठेवा, ट्रान्झिशन ‘नन’. सगळ्या फाईलीला दहा सेकंदांत लागू.

आता वजन. मोबाईलचा एक फोटो चार-पाच एमबीचा असतो आणि त्यात 1 कोटी 20 लाखांच्या आसपास ठिपके असतात. सभागृहातला प्रोजेक्टर फुल एचडी असेल तर तो फार तर 1920 गुणिले 1080, म्हणजे 20 लाखांच्या थोडे वर ठिपके दाखवतो. बाकीचे आपण मेलमधून उगाच वाहतो. एका फोटोवर टिचकी द्या, पिक्चर फॉरमॅट, ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’. ‘फक्त याच चित्राला’ ही खूण काढा, कापलेले भाग पुसायची खूण ठेवा, 150 पीपीआय (दर इंचात किती ठिपके ते) निवडा. तरीही जड राहिली तर वर सांगितलेली झिपची युक्ती करा आणि ‘मीडिया’ फोल्डर आकारानं लावून बघा. बहुतेक वेळा एखादा व्हिडिओ नाहीतर मास्टरच्या मागे दडलेलं पार्श्वभूमीचं चित्र सापडतं. मागच्या महिन्यांत ‘कीप सोर्स’नं आलेले, आता न वापरलेले मास्टरही काढा. मास्टरवर माउस नेला की तो कुठल्या स्लाइड वापरतायत ते दिसतं, कुणीच वापरत नसेल तर पुसता येतो.

सगळ्या फाईली जोडायच्याच कशाला, हाही प्रश्न विचारून बघा. सदस्यांना वाचायलाच पाठवायची असेल तर प्रत्येक विभागाकडून त्यांच्या संगणकावर केलेली पीडीएफ मागवा आणि पीडीएफ जोडा. फाँटची निम्मी कटकट तिथंच संपते. एकाच फाईलीच्या प्रती पाच जणांनी आपापल्या बदलून पाठवल्या असतील तर स्लाइड जोडू नका, रिव्ह्यू मधलं ‘कम्पेअर’ वापरा, ते काय बदललं ते दाखवतं आणि हवं तेवढंच स्वीकारता येतं.

तुमच्या बैठकीबाबत मात्र माझं स्पष्ट मत आहे. बारा विभागांच्या स्लाइडांपैकी नऊ विभागांच्या स्लाइड म्हणजे तालुका, उद्दिष्ट, साध्य, टक्केवारी एवढाच तक्ता. तो पीपीटीत मागवायचाच कशाला? एक एक्सेल फाईल करा, विभागाला एक शीट, तालुके आधीच भरलेले, युनिकोड फाँट आधीच लावलेला. आकडे त्यात मागवा आणि स्लाइड तुम्ही एकाच नमुन्यावरून करा. फोटो आणि अडचणींची स्लाइड ज्यांना हवी त्यांना चार लेआउटची कोरी फाईल द्या: शीर्षक, तक्ता, दोन फोटो, मुद्दे. पहिल्या महिन्यात निम्मे विभाग जुनीच फाईल पाठवतील. त्यांना परत पाठवण्याइतका अधिकार तुमच्याकडे नसेल तर ते पत्र मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या सहीनं काढून घ्या. एका जिल्ह्यात हे बसायला तीन बैठका लागल्या होत्या.

शेवटची तपासणी तुमच्या टेबलावर करू नका. फाईल पेनड्राइव्हवर घ्या, सभागृहातल्या संगणकावर उघडा आणि एकदा एफ-5 दाबून पहिल्यापासून शेवटपर्यंत टिचक्या मारत जा. तिथं ऑफिसची जुनी आवृत्ती असते, फाँट कमी असतात, आणि प्रोजेक्टरला फिकट पिवळा रंग पांढराच दिसतो. बैठक अकराची असेल तर हे आदल्या संध्याकाळी, शिपाई कुलूप लावायच्या आत.